चढलेली पेटी

"आबानू, ही पेटी तुमच्याकडेच ऱ्हवांदे. माझो गळो गेलो."

लवूबुवांनी पेटी पडवीतल्या चटईवर ठेवली आणि ते भिंतीला टेकून बसले. मी नुकतीच कॉलेजातून येऊन पायरीवर चपला काढत होते. आबांनी हातातली कानस खाली ठेवली, बुवांकडे बघितलं, आणि पेटीचा भाता उघडला. एक पट्टी दाबून धरली आणि मानेनंच खूण केली, गा.

बुवा गायले. खालचे सूर नेहमीसारखे, भरलेले. वर चढता चढता त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि वरच्या सा ला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसले, जसं एखादं माणूस पडल्यावर आजूबाजूच्यांकडे बघून हसतं.

लवूबुवा राऊळ म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले भजनी बुवा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवा आमनेसामने बसून भजनाचा सामना करतात तेव्हा, त्यांच्यासमोर बसायला भले भले कचरत. पुढच्या महिन्यात जत्रेला त्यांची बारी ठरलेली होती. देवस्थानच्या लोकांना त्यांनी त्याच सकाळी कळवलं होतं की आपण बसणार नाही, आपला शिष्य, मुलीचा मुलगा, बसेल. कोल्हापूरला जाऊन ते घशाच्या डॉक्टरांना दाखवून आले होते. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. दही सोडलं, चिंच सोडली, शेवटी सोलकढीही सोडली. बायको म्हणाली, तुम्ही सोलकढी सोडलीत तेव्हाच मी ओळखलं, दुखणं मोठं आहे. हे सगळं बुवा हसत हसत सांगत होते. यंदाची हवाच वाईट, असंही म्हणाले. पिंगुळीकडच्या आणि माणगावच्या बुवांचेही गळे बसलेत म्हणे.

मग आबा म्हणाले, "वय कोणाक चुकला, बुवा?" आणि आत जाऊन खडीसाखर घेऊन आले.

आबा म्हणजे माझे सासरे. जातीचे सुतार, आडनाव मेस्त्री, पण तीन पिढ्या घरात पेट्यांचं काम. गायनवाले जिला हार्मोनियम म्हणतात, ती आमच्याकडे पेटीच. कुडाळपासून सावंतवाडीपर्यंतचे बुवा पेटी बनवायला आणि सुरात लावून घ्यायला आबांकडे येत. सूर लावायचा म्हणजे आतली पितळेची पातळ पाती, रीड म्हणतात त्यांना, कानशीनं किंचित किंचित घासायची. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हे सगळं आबा कानावर करत. सुराचं कुठलंही यंत्र घरात नव्हतं. फक्त आबांच्या वडिलांची एक जुनी पेटी होती, तिला आम्ही घरची पेटी म्हणत असू. नवी पेटी तिच्याशी ताडून बघायची आणि द्यायची. आबांनी लावली म्हणजे लागली. त्यावर कोणी बोलत नसे.

मला स्वतःला सुरातलं काही कळत नाही. मी साताऱ्याकडची, कुडाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी येई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आठवडाभर आबा आणि मी. आमचं बोलणं कमी असे, आणि ते दोघांनाही बरं वाटे.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आबांची कंबर धरली. जन्मभर जमिनीवर वाकून बसायचं काम. कळ कंबरेतून निघून डाव्या पायात टाचेपर्यंत जाई. उठताना ते दाराची चौकट धरत. मीच हट्टानं त्यांना कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. नस दबली आहे असं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. कॉलेजातून येताना त्या मीच आणत असे. महिन्या-महिन्यानं दाखवायला जायचं. डॉक्टर भले गृहस्थ होते, आपुलकीनं चौकशी करत, आणि आबा दर वेळी मान हलवून सांगत की बरं आहे.

बुवा पेटी ठेवून गेल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. दर वर्षी मी एक प्रयोग दाखवत असे. दोन सूर अगदी जवळजवळचे असले, पण एक नसले, तर ते एकत्र ऐकताना आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो. आम्ही त्याला विस्पंद म्हणतो. त्यासाठी मी घरची पेटी कॉलेजात नेई. नादकाटा, म्हणजे एकच ठरावीक सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवून लाकडी खोक्यावर धरायचा आणि पेटीची पांढरी एक दाबायची. दोन्हींत बारीकसा फरक होता, त्यामुळे आवाज वँव, वँव असा झुले आणि मुली हसत.

त्या दिवशी तो झुलला नाही. नुसतेच दोन आवाज, एकमेकांशी भांडल्यासारखे कर्कश. काटा चुकीचा घेतला असं वाटून मी त्यावरचा आकडा बघितला. काटा तोच होता. मुली थांबल्या होत्या. मी सहज डावीकडची लगतची पट्टी दाबली, आणि आवाज झुलू लागला.

मुलींना प्रयोग कळला. मला काय घडलं ते कळलं नाही. सगळ्या गेल्यावर मी दुसरा काटा घेतला, मग तिसरा. प्रत्येक वेळी जुळणी एक पट्टी डावीकडे सरकलेली होती. पोलादाचे काटे कपाटात ठेवल्याठेवल्या बदलत नाहीत. म्हणजे पेटी चढली होती. एखादा सूर नाही, सगळी पेटी, एका पट्टीनं. रीड आपोआप चढत नाही. कोणीतरी ती घासलेली असते.

मी प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून राहिले. आबांची चूक असू शकते हे वाक्य मला मनातसुद्धा पुरं करता येईना.

घरी येताना पेटीबरोबर मी तो काटाही पिशवीत टाकून आणला. आबा पडवीत काम करत होते. मी काटा गुडघ्यावर हलकेच वाजवून त्यांच्या कानाशी धरला आणि विचारलं, हा कुठला. आधीही एकदा गंमत म्हणून मी असं केलं होतं. तेव्हा ते क्षणात म्हणाले होते, पांढरी एक, पण वायच, म्हणजे जराशी, उतरलेली. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ते तंतोतंत बरोबर होतं.

आताही ते क्षणात म्हणाले, "पांढरी सात. वायच उतरलेली."

पांढरी सात म्हणजे डावीकडची लगतची पट्टी. चाचपडणं नाही, शंका नाही. कान पहिल्यासारखाच धारदार होता, फक्त सगळंच्या सगळं अर्ध्या सुरानं खाली ऐकत होता. मी विचारलं, घरच्या पेटीला अलीकडे काही केलंत का. ते म्हणाले, रीड म्हातारी झाली, दिवाळीच्या सुमारास सगळी उतरली होती, एकेक करून वर घेतली. आणि हल्ली बाजारातून नवी रीडही उतरलेलीच येते, ती पण वर घ्यावी लागते. आजकाल कोणाला कान नाही, असंही म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. दिवाळीपासून घरातून गेलेली प्रत्येक पेटी या घरच्या पेटीशी ताडून गेली होती.

माझी एक वर्गमैत्रीण, वृषाली, कोल्हापूरला औषधशास्त्र शिकवत होती. मेंदूत काही असेल, गाठ वगैरे, या भीतीनं मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं आधी वय विचारलं, मग कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. मी गोळीचं नाव सांगितलं: कार्बामाझेपिन.

"त्यांना फिट येतात?" तिनं विचारलं.

"नाही. कंबर दुखते."

"ही फिटवरची गोळी आहे गं."

ती पुढे सांगत होती आणि मी ऐकत होते. नसांच्या दुखण्यावर अशा गोळ्या देतात, पाठीच्या दुखण्यावरही काही जण देऊन बघतात. पण या गोळीचा एक दुर्मिळ परिणाम आहे. ऐकू येणारा प्रत्येक सूर किंचित खाली ऐकू येतो, साधारण अर्ध्या सुरानं. साध्या माणसाला ते कधी कळतही नाही. ज्याला सूर ऐकताक्षणी ओळखता येतो, त्यालाच कळतं. गोळी थांबवली की कान परत येतो असं वाचलंय, ती म्हणाली, पण एकदम थांबवायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग कपाळाला हात लावून म्हणाले की असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. गोळी कशी कमी करायची ते त्यांनी समजावून सांगितलं.

आता आबांना सांगायचं होतं. आडून सांगणं मला जमत नाही. जेवण झाल्यावर मी घरची पेटी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आबा, पेटी चढलीय."

"नाय."

"अर्ध्या सुरानं."

"तुझो काटो बिघडलो."

मी कॉलेजातून आणलेले सगळे काटे ओळीनं मांडले. हे सगळे एकदम, एकाच मापानं बिघडतील का, असं विचारलं. मग गोळीचं सांगितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पेटीकडेही नाही. अंगणातल्या माडाकडे बघत होते. आता ते कानाबद्दल विचारतील, परत येईल का म्हणून विचारतील, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला, आणि त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे लवूचो गळो बरो आसा?"

मी तिथवर पोचलेच नव्हते. बुवांची पेटी दिवाळीनंतरची. आपल्या नेहमीच्या पट्टीत गातोय असं समजून तो माणूस अर्धा सूर वर गात होता, आणि फाटलेल्या आवाजाला स्वतःचं म्हातारपण म्हणत होता. पिंगुळीचे बुवा, माणगावचे बुवा, त्यांचेही गळे. इतक्या जणांच्या गळ्यांना एकदम काय झालं असं कोणी विचारलं नव्हतं. हवा वाईट म्हणाले, वय म्हणाले, सोलकढी सोडली. आबा मेस्त्रींची पेटी चुकली असेल हे कोणाच्याही मनाला शिवलं नाही.

आबा चौकट धरून उठले. शर्ट चढवला. उद्या जाऊ म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. मी रिक्षा बोलावली, बुवांची पेटी मांडीवर घेतली. वाटेवरचा प्रत्येक खड्डा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

बुवा गोठ्यापाशी होते. आबांना बघून धावत आले, खुर्ची आणली. आबा बसले नाहीत, जमिनीवरच बसले, भाता उघडला आणि बुवांच्या नेहमीच्या पट्टीच्या डावीकडची पट्टी दाबून धरली.

"लवू, गा."

बुवांनी नको नको केलं. मग गायले. आवाज चढत गेला, वरच्या सा ला पोचला आणि तिथे ठरला. दाराशी बुवांची बायको येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडाला लावला.

बुवा थांबले. बोट कुठे आहे ते त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं. इतका आनंदाचा क्षण, आणि मी त्यांच्या तोंडावर भीती बघितली. ती स्वतःबद्दलची नव्हती.

"आबानू, तुमचो कान?"

आबांनी सगळं सांगितलं, एका दमात, जसं एखादा गुन्हा सांगावा तसं. फिटवरची गोळी म्हणतानाही ते अडखळले नाहीत. बुवा ऐकत राहिले. मग त्यांनी उठून अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि परत येऊन हळू आवाजात म्हणाले, "ह्या हयच ऱ्हवांदे. गळो माझोच गेलो, असाच लोक म्हणांदेत. बारयेक चेडवाचो झील बसतलो, तेका शिकवलंय मी. पण आबा मेस्त्रींचो कान गेलो म्हटल्यार उद्या तुमच्या पडवीत कोण येतलो?"

आबांनी बुवांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

मग ते म्हणाले, "उद्या सगळ्यांका सांगान धाडतंय. पेटये परत हाडा म्हणान."

आणि तसं त्यांनी केलं. एकेक बुवा पेटी घेऊन येऊ लागले. पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी रागावलं नाही, उलट जो तो ओशाळल्यासारखा, जणू गळा बरा निघाला हाच आपला अपराध. गोळी हळूहळू कमी होत होती, पण कान अजून खालीच होता. जत्रा तोंडावर आलेली. देवळात एक जुनी पेटी पडून होती, तिला आबांनी कित्येक वर्षांत हात लावलेला नव्हता. ती आणली, आणि तिच्याशी ताडून आबांनी आधी बुवांची पेटी उतरवायला घेतली. दोन पेट्यांचे सूर जुळतात की नाही एवढं त्यांना नीट कळत होतं, पण जुळलेले सूर त्यांच्या कानाला खालीच वाटत होते. रीडच्या बुडाशी कानस टेकवून ते ती पुन्हा उचलून घेत. मुद्दाम पेटी बिघडवतोय असं वाटतं, एवढंच ते एकदा म्हणाले.

जत्रेला लवूबुवा स्वतः बारीवर बसले. आम्ही दोघं मागच्या बाजूला उभे होतो. आवाज कसा लागला हे मला सांगता येणार नाही, पण लोक हलले नाहीत. आबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांना ते सगळं अर्ध्या सुरानं खालीच ऐकू येत असणार.

गोळी पूर्ण बंद झाल्यानंतर काही दिवसांनी, सकाळी मी कॉलेजला निघाले होते. आबांनी घरची पेटी पुढ्यात ओढली, पट्टी दाबली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग पुन्हा दाबली. मग शेजारची. मग एकेक करून सगळ्या. मी दारातच थांबले. त्यांचा कान परत आला होता, आणि आपल्या वडिलांच्या पेटीचं आपण काय केलंय ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. तिची रीड फार जुनी, फार पातळ. आता तिला आणखी घासता येणार नव्हतं.

त्यांनी भाता मिटला.

मी पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले. मी विचारलं, "आबा, गोळी बंद झाली. आता कंबर जास्त दुखत असेल ना?"

"नाय. होती तितकीच."

"म्हणजे आता कमी झालीय?"

"कमी कधी झाली?" ते म्हणाले. "पयल्यापासून तशीच आसा. गोळयेन काय एक फरक पडाक नाय."

दर महिन्याला ते डॉक्टरांसमोर मान हलवत होते. मी शेजारीच बसलेली असे.

"मग घेत का होतात?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "तू येवढ्या लांबसून आणी. तो बिचारो डॉक्टर हात धरून इचारी, बरा वाटता मां? तेच्या तोंडार नाय कसा म्हणतलंय?" थोडं थांबून ते म्हणाले, "आता तेका सांगू नको हां. वायट वाटात तेका."

त्या दिवशी मी कॉलेज सुटल्यावर थेट डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं. या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली, पण त्यांचा चेहरा मला आठवतो. कानाचं ऐकून ते चकित झाले होते. हे ऐकून चेहराच उतरला. त्यांनी टेबलावरची गोळ्यांची पाकिटं इकडून तिकडे सरकवली. मग उठले, दार उघडलं आणि बाहेर आले. मी त्यांच्या मागे.

बाहेर बाकावर कंबरेला पट्टे बांधलेली माणसं दाटीनं बसली होती. डॉक्टर पहिल्या म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. त्याचा खांदा धरून म्हणाले की आज मला अगदी खरं सांगायचं, मला वाईट वाटणार नाही, मी लिहून देतो त्या गोळीनं तुम्हाला काही फरक पडतो का.

म्हातारा भांबावला. त्यानं शेजारच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड वेडंवाकडं करत तो मोठ्या कष्टानं उभा राहिला आणि गोड हसला.

"पडता मां, डॉक्टर. एकदम बरा वाटता."